दुपट्ट्याबाहेर राहिलेले डोळे

चुलत भावाच्या लग्नाचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले आणि माझा अख्खा रविवार वाया गेला. तसे फोटो मस्त होते. हळदीचा एक तर एकदम फर्स्टक्लास! मी मान मागे टाकून खदाखदा हसतेय, गालाला हळद, मागे झेंडूच्या माळा. डीपीला लावायचाच होता. लावण्याआधी सहज दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि तिथेच घात झाला. डावा डोळा जिथे संपतो तिथून तीन रेघा निघाल्या होत्या. बारीकच, पण चांगल्या कोरलेल्या. उजवीकडे पाहिलं. तिथेही तीन. हिशेब चोख.

वय वर्षे 28. (लग्नाच्या बायोडेटात 27, पण ते मावशीचं डिपार्टमेंट.)

फोटो लगेच जिवलग मैत्रिणीला पाठवला. ती बँकेत आहे, सकाळी साडेनऊला काउंटरवर, त्यामुळे रविवारी तरी तिने मला धीर द्यावा ही माफक अपेक्षा. तिचं उत्तर आलं, "बाप्पा! मला तर केव्हाच्याच आहेत. तू आत्ता पाहून राहिली का?"

इंग्रजीत या रेघांना 'क्रोज फीट' म्हणतात, कावळ्याचे पाय. आपल्याकडे नुसत्या सुरकुत्या, आणि त्या आजीला असतात. निदान तोपर्यंत माझी तशी समजूत होती.

आता माझा मुक्काम बहुतेक वेळ रामदासपेठेत. फ्रीलान्सरला ऑफिस नसतं, कॅफेतलं टेबल असतं, आणि एका कोल्ड कॉफीवर तीन तास काढण्याची निर्लज्ज तयारी लागते. रामदासपेठेत तुम्ही कधी आला असाल तर माहीत असेल, इथे दगड भिरकावला तर तो एकतर डॉक्टरच्या बोर्डाला लागतो, नाहीतर पेशंटच्या गाडीच्या काचेला. लेंड्रा पार्कपासून सेंट्रल बाजार रोडपर्यंत चालत जा. हाडं, हृदय, दात, डोळे, आणि आता दर चार बोर्डांआड एक त्वचा. म्हणजे मला डॉक्टर शोधायला रस्ता ओलांडायची सुद्धा गरज नव्हती. तरी मी डॉक्टरकडे गेले नाही. तीन रेघांसाठी कोण पाचशे-हजार रुपये कन्सल्टिंग भरणार?

आधी पार्लर झालं. तिथल्या ताईंनी माझा चेहरा दिव्याखाली धरला, "अय्यो, डीहायड्रेशन आहे," असं जाहीर केलं आणि सहा सिटिंगचं 'अंडर-आय पॅकेज' सुचवलं. पॅकेजचा आकडा ऐकून मला खरंच डीहायड्रेशन झालं. मग एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर सहज विचारलं. काउंटरवरच्या दादांनी मागे न बघता हात घातला आणि एक ट्यूब समोर ठेवली. "हे लावा मॅडम. डाग, काळी वर्तुळं, रेघा, सगळ्याला चालते. सगळे हेच नेतात." चिठ्ठी मागितली नाही. किंमत एका पिझ्झाहून कमी. मी दोन घेतल्या, एक माझी, एक मैत्रिणीची.

आणि काय सांगू, ट्यूबने जादू केली! दहा दिवसांत डोळ्यांखालचा भाग उजळला, रेघा पुसट झाल्या. आईने विचारलं, "काय लावून राहिली गं आजकाल?" मी या कानाचं त्या कानाला न कळू देता हसले. मैत्रिणीने तर मला ऑफिसच्या ग्रुपवर 'ब्यूटी एक्स्पर्ट' करून टाकलं.

पण मी मुळात आळशी. तीन आठवड्यांत माझी ट्यूब कुठल्याशा बॅगेच्या तळाशी गेली ती गेलीच. मैत्रीण शिस्तीची. सकाळ-संध्याकाळ, वाटाण्याएवढं, डोळ्यांच्या अगदी कडेपर्यंत. संपली की नवी आणायची. असं पाच महिने.

पावसाळा संपता संपता तिचे डोळे लाल राहायला लागले. पापणीखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आत बारीक लाल शिरा दिसायच्या. लावणं एक दिवस चुकवलं की आग व्हायची, म्हणून ती अजून लावायची. तिला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ऑप्टिशियनने नंबर तपासला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या. रामदासपेठेतल्याच एका आय क्लिनिकमध्ये आम्ही दोघी गेलो. डोळ्यातलं प्रेशर साधारण 10 ते 21 च्या दरम्यान असावं लागतं. तिचं दोन्हीकडे 28 निघालं. डॉक्टरांनी औषधाचं नाव नाही विचारलं. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?"

तिने पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, असं तीन औषधांचं मिश्रण. काही ठरावीक डागांसाठी त्वचेचे डॉक्टर हे थोड्या आठवड्यांसाठी देतात, स्वतः लक्ष ठेवून. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. मग कातडी पातळ करत जातं. म्हणजे ज्या रेघांसाठी आम्ही ते आणलं होतं, त्याच रेघांची सोय! आणि पापण्यांवर रोज लावलं तर काही लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं. वाढलेलं प्रेशर बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आतली नस मात्र हळूहळू मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. त्यालाच काचबिंदू म्हणतात.

तिची नस शाबूत होती. ट्यूब बंद, थेंब सुरू, आणि काही आठवड्यांनी प्रेशर 17 वर आलं. चेहऱ्याची आग थांबायला त्याहून जास्त वेळ लागला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना फक्त विचारलं, "तुला काही झालं नाही ना? तू पण लावत होती." त्या रात्री मी बॅग उलटी करून माझी ट्यूब शोधली. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' स्पष्ट छापलेलं होतं. वाचता येतं मला. मास कॉमची डिग्री आहे!

तुमच्या ड्रॉवरमध्ये अशी ट्यूब असेल तर कंपनीचं नाव नका बघू, खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यातलं काहीही दिसलं तर ते क्रीम नाही, औषध आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने चेहऱ्या-अंगाला लावायची 14 स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. कायदा कागदावर आहे. काउंटरवर दादा आहेत. आणि हो, महिनोन् महिने लावत असाल तर एका झटक्यात फेकू नका, डॉक्टरला विचारून सोडा, नाहीतर चेहरा भडकतो.

एवढं रामायण झाल्यावर आम्ही दोघी एकदाच्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. मॅडम पन्नाशीच्या, स्वतःच्या सुरकुत्या व्यवस्थित बाळगून. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "गाडी चालवता?"

"हो, अॅक्टिव्हा."

"दुपट्टा बांधता?"

हा काय प्रश्न झाला? नागपूरची मुलगी आणि दुपट्टा बांधत नाही? बाहेरगावचे पाहुणे स्टेशनवर उतरतात आणि विचारतात, इथल्या सगळ्या मुली डाकू आहेत का! मे 2013 मध्ये याच शहरात पारा 47.9 पर्यंत गेला होता. इथे दुपट्टा फॅशन नाही, हेल्थ इन्शुरन्स आहे.

"बांधून दाखवा," मॅडम म्हणाल्या. मी सवयीने दहा सेकंदांत बांधला. कपाळावरून, कानामागून, नाकावरून, मागे गाठ. त्यांनी हातात आरसा दिला. आरशात फक्त एक पट्टी उघडी होती, भुवयांपासून गालाच्या हाडापर्यंत. मग म्हणाल्या, "आता सोडा." सोडला. पट्टी तिथेच होती! बाकी चेहऱ्यापेक्षा एक शेड गडद, आणि रेघा बरोबर त्या पट्टीत. झोरो डोळ्यांवर मास्क लावतो, आम्ही डोळे सोडून सगळीकडे. उलटा झोरो.

कॉलेजपासून दहा वर्षं मी गाल जपले, कपाळ जपलं, हनुवटी जपली. आणि चेहऱ्यावरची सगळ्यात नाजूक जागा वर्धा रोडच्या उन्हात उघडी ठेवून फिरले.

नाजूक का, तर पापण्यांची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. तेलाच्या ग्रंथी तिथे कमी, म्हणून लवकर कोरडी पडते. त्याखाली डोळ्याभोवती गोल फिरणारा एक स्नायू, जो हसताना, उन्हात डोळे बारीक करताना, प्रत्येक वेळी आवळतो. कागद एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडत राहा, तसं. लहानपणी घडी लगेच उलगडते, कारण खाली कोलॅजनची गादी भक्कम असते. ऊन ती गादी पोखरतं. आता नागपूरच्या दुपारी गॉगलशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय? ऊन थेट त्याच पट्टीवर, आणि वर डोळे किलकिले. गादीही जातेय आणि घडीही पडतेय, दोन्ही एकाच वेळी. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगातलं मेलानिन बरंच वाचवतं, गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिराच येतात. पण 'उशिरा' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे.

आणि पाऱ्यावर जाऊ नका. गरम होणं वेगळं, अतिनील किरणं वेगळी. डिसेंबरमध्ये स्वेटर घालून आपण कोवळ्या उन्हात निघतो, दुपट्टा कपाटात, गॉगल कुठे तरी. ती यूव्ही-ए किरणं मात्र बारा महिने ड्यूटीवर असतात, ढगातून येतात, काचेतूनही येतात. 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. वय 69, 28 वर्षं माल पोचवायचा ट्रक चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू साधारण त्याच्या वयाची. डावी, म्हणजे खिडकीकडची, खोल सुरकुत्यांनी भरलेली, लोंबणारी. एकच माणूस, एकच आहार, एकच आनुवंशिकता. फरक फक्त खिडकीचा. तो फोटो पाहिल्यापासून मी कॅफेतलं खिडकीजवळचं टेबल सोडलंय. तुमच्यापैकी ज्यांनी भांडून विंडो सीट मिळवली असेल त्यांनी निदान पडदा ओढावा.

मग उपाय काय? सांगते, पण आधीच सांगून ठेवते, एकदम बोअरिंग आहे.

ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाचं एक गाव आहे. तिथे 1992 ते 1996 अशी साडेचार वर्षं संशोधकांनी लोकांचे दोन गट केले. एकाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मन मानेल तेव्हा. पंचावन्नच्या आतल्या 903 जणांच्या हाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे घेऊन कातडीच्या रेघा मोजल्या. निकाल 2013 मध्ये छापून आला. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढणं 24 टक्के कमी. आणि त्यांना दिलेलं सनस्क्रीन काही भारी नव्हतं, एसपीएफ 15 च्या आसपासचं. फंडा आकड्याचा नाही, 'रोज'चा आहे.

डोळ्यांजवळ सनस्क्रीन झोंबतं ही सगळ्यांची तक्रार, माझीही. झिंक ऑक्साइडवालं कमी झोंबतं, स्टिकमध्ये मिळालं तर घामाने डोळ्यात उतरत नाही. डोळ्याभोवतीच्या खोबणीचं हाड बोटाला लागतं ना, तिथपर्यंत ठिपके ठिपके लावायचं, त्याच्या आत नाही. आतली जागा गॉगलची. गॉगल बर्डीच्या फुटपाथवरचा घेऊ नका असं मी म्हणणार नाही, माझे निम्मे तिथलेच होते. पण नुसती काळी काच फसवते. अंधारामुळे बाहुली मोठी होते, आणि काचेला यूव्ही फिल्टर नसेल तर किरणं आत जास्तच जातात. 'यूव्ही 400' लिहिलेलं बघा आणि लेबलवर विश्वास नसेल तर ऑप्टिशियनकडे तपासून घ्या, बऱ्याच जणांकडे मशीन असतं. आकार मोठा, कानाकडची बाजू झाकणारा. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच मुळातच अतिनील किरणं अडवते, फक्त खाली ओढायची असते! आपण ती कपाळावर ठेवून फिरतो, हवा लागते म्हणून.

आय क्रीमबद्दल मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "डबी लहान, किंमत मोठी." बहुतेक आय क्रीम म्हणजे चांगलं मॉइश्चरायझर. कोरडेपणाच्या बारीक रेघा त्याने तात्पुरत्या भरून येतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तेच काम चेहऱ्याचं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझरही करतं. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या क्रीमचे पैसे वाचवा. लॅपटॉपचा प्रकाश उन्हापुढे काहीच नाही. लॅपटॉपसमोर सुरकुत्या पडतात त्या नंबर असून चष्मा न लावता डोळे बारीक केल्याने. संत्र्याच्या सालींची पूड डोळ्यांभोवती चोळण्याचा आमचा घरगुती नागपुरी उपाय मी करून पाहिलाय. अर्धा तास रडत होते. संत्रं खा.

ज्याच्या मागे खरंच पुरावा आहे ते रेटिनॉइड. त्याची गोष्ट मजेदार आहे. ट्रेटिनॉइन हे मुळात पिंपल्सचं औषध. ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका पेनसिल्व्हेनियाच्या अल्बर्ट क्लिगमन या डॉक्टरांना सांगू लागल्या की कातडी मऊ झालीय, रेघा कमी वाटतात. 1986 मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि 1995 मध्ये अमेरिकेत ते बारीक सुरकुत्यांसाठी मंजूरही झालं. ते कोलॅजनची गादी थोडी थोडी पुन्हा भरतं. दुकानात मिळणारं रेटिनॉल म्हणजे त्याची सौम्य धाकटी बहीण. आठवड्यातून दोन रात्री, अगदी थोडं, हाडाच्या बाहेर, वर मॉइश्चरायझर. तीन ते सहा महिने थांबायची तयारी. प्रेग्नन्सीत किंवा तो प्लॅन असताना अजिबात नाही. मला मॅडमनी रेटिनॉल सुरू करून दिलं. मैत्रिणीला वर्षभर काहीही नाही, फक्त सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर. तिने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

उरलं बोटॉक्स. त्याला मी नाकं मुरडणार नाही. तेही आलंय डोळ्यांच्या दवाखान्यातूनच. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप आवळण्याच्या आजारासाठी ते वापरत. 1987 च्या सुमारास व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या एका पेशंटच्या लक्षात आलं की इंजेक्शन घेतलं की भुवयांमधल्या आठ्याही जातात. जीनचे यजमान अॅलिस्टर नेमके त्वचेचे डॉक्टर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांच्या कडेच्या रेघांसाठी अमेरिकेत त्याला मंजुरी 2013 मध्ये मिळाली. स्नायू तीन-चार महिने सैल पडतो, मग परत इंजेक्शन. हसल्यावरच दिसणाऱ्या रेघांना ते छान लागू पडतं, चेहरा शांत असतानाही राहणाऱ्या खोल रेघांना कमी. घ्यायचंच तर डिग्री असलेल्या डॉक्टरकडून, पार्लरच्या आतल्या खोलीत नाही. माझ्या रेघा अजून फक्त हसल्यावरच्या आहेत, म्हणून ते पैसे मी गॉगलमध्ये घातले.

दोन घेतले. एक आईसाठी. आईने प्रतापनगरहून धंतोलीतल्या शाळेत 24 वर्षं नोकरी केली, आधी लुना, मग स्कूटी. सकाळी जाताना ऊन समोरून, संध्याकाळी येताना पुन्हा समोरून. दुपट्ट्याऐवजी पदर, गॉगल 'चांगल्या घरच्या बाया' लावत नाहीत म्हणून नाही, आणि चष्म्याचा नंबर चाळिशी उलटेपर्यंत कोणी तपासलाच नाही. तिच्या डोळ्यांभोवतीच्या रेघा मी लहानपणापासून पाहतेय. मला वाटायचं, आया अशाच असतात.

रामदासपेठेतल्या ऑप्टिशियनकडे तिला नेलं. मैत्रीणही आली होती, तिचं प्रेशर दर सहा महिन्यांनी बघायचं असतं, त्या दिवशी 16 होतं. तिनेच आईसाठी फ्रेम निवडली, मोठी, तपकिरी. आई आरशात बघून लाजली. "हिरॉइन दिसून राहिल्या काकू," मैत्रीण म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "तू नको काही सुचवू." आम्ही तिघी हसलो. दुकानभर ऐकू जाईल इतकं हसलो.

काल आई भाजी घेऊन भर दुपारी बाराला घरी आली, डोळे किलकिले करत. गॉगल कुठे आहे म्हणून विचारलं. तिने पर्समधून डबी काढली. डबीत फडकं, फडक्यात गॉगल.

"काढला नाही बाहेर," म्हणाली. "घासला गेला असता ना."